निव्वळ शून्य आणि चुन्याची निवळी

आमच्या गॅरेजमध्ये कपडे धुण्याच्या मशीनशेजारी एक स्टीलचं ताट ठेवलंय. ताटात पांढरी पूड. पहिल्या दिवशी नवऱ्याला वाटलं, मी मुंग्यांसाठी औषध टाकलंय. तो चुना आहे. बागकामाच्या दुकानातून पिशवी आणली, १०० ग्रॅम मोजून घेतला, पातळ पसरला आणि ताटाच्या कडेला चिकटपट्टीवर तारीख लिहिली. दर रविवारी वजन करते. वजन वाढतंय.

या उद्योगाचं कारण आमच्याच गावात आहे. मी कॅलिफोर्नियात, ट्रेसीला राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली मराठी मंडळी या भागाला 'डोंगरापलीकडे' म्हणतात आणि आमच्याकडे जेवायला येणं शक्यतो टाळतात. इथे बदामाच्या बागा, गोदामं, आणि पहाटे साडेचारला कामाला निघालेल्या गाड्यांची रांग. देशभरच्या वर्तमानपत्रांत ट्रेसीचं नाव यावं असं फारसं काही घडत नाही. ९ नोव्हेंबर २०२३ ला मात्र आलं. एअरलूम नावाच्या कंपनीने इथे हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारा कारखाना सुरू केला, अमेरिकेतला या प्रकारचा पहिला व्यावसायिक कारखाना. उद्घाटनाला देशाच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम आल्या होत्या.

मला आत जायला मिळालेलं नाही. फोटो आणि व्हिडिओ मात्र इतक्यांदा पाहिलेत की मांडणी पाठ झालीय. चाळीसेक फूट उंच मांडण्या, त्यांवर एकावर एक ट्रे, ट्रेमध्ये पांढरी पूड. बाकी उघडी शेड. हे पाहून इथले पत्रकार चकित झाले होते. मी हसले. कारण चुन्याशी माझं जुनं नातं आहे.

लग्नाआधी आणि नंतर मिळून ६ वर्षं मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. माझं रोजचं काम काय, तर कच्च्या मालाचा नमुना क्रुसिबलमध्ये घ्यायचा, मफल भट्टीत तापवायचा, थंड करायचा आणि किती वजन घटलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. त्याला आम्ही एलओआय म्हणायचो. आकडा ३५-३६ च्या आसपास आला की शिफ्ट सुपरवायझर खूश. शुद्ध चुनखडी असेल तर १०० किलोमागे ५६ किलो चुनकळी उरते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड चिमणीतून निघून जातो. जळणाचा धूर वेगळा, हा दगडाच्या पोटातला. ६ वर्षं मी हा '४४' मोजला, सही केली, पगार घेतला. तो जातो कुठे, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. खरं सांगायचं तर मनातही आलं नाही.

ट्रेसीतला कारखाना याच गोष्टीचा उलटा खेळ खेळतो. चुनखडी विजेच्या भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजायची, निघालेला वायू बाहेर न सोडता पकडायचा. उरलेल्या चुनकळीवर पाणी मारलं की ती फुलते, विरते. तो चुना ट्रेमध्ये पसरायचा. चुन्याला कार्बन डायऑक्साइडची हाव असते. हवेतून तो ओढून घेत घेत त्याची पुन्हा चुनखडी होते, की परत भट्टीत. शाळेत आपण सगळ्यांनी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारलीय आणि ती दुधाळ झालेली पाहिलीय. (फुंकत राहिलं तर ती परत स्वच्छ होते, पण तोवर तास संपलेला असायचा.) जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती वर्षागणिक घट्ट होत जातात तेही यामुळेच. भिंतीला ज्याला वर्षानुवर्षं लागतात ते काम तीन दिवसांत उरकणं ही एअरलूमची करामत. पकडलेला वायू काँक्रीटमध्ये घातला जातो, तिथे तो पुन्हा दगड होऊन बसतो.

रसायन मला पटलं. अडले ते आकड्यापाशी. या कारखान्याची क्षमता वर्षाला १,००० टन आहे.

इथली एक साधारण गाडी वर्षाला साडेचार टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे हा कारखाना वर्षभर राबला तर २०० च्या वर गाड्यांचा हिशोब मिटतो. २०५ नंबरच्या हायवेवर सकाळी उभं राहिलात तर तेवढ्या गाड्या चहा गार व्हायच्या आत निघून जातात.

मग लोक यासाठी एवढे का झटतायत? उत्तर शोधायला मी कायदे वाचायला घेतले. रसायनशास्त्राच्या माणसाने कायदा वाचणं म्हणजे शिक्षा असते, पण एकदा हिशोब लागत नाही म्हटल्यावर मला झोप लागत नाही.

कॅलिफोर्नियाचा मूळ कायदा २००६ चा, 'एबी ३२'. (एबी म्हणजे असेंब्लीत, विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, मांडलेलं विधेयक. एसबी म्हणजे सिनेटमध्ये, वरच्या सभागृहात, मांडलेलं.) गव्हर्नर होते आर्नोल्ड श्वार्झनेगर. (आपल्याकडचे वाचक गव्हर्नर म्हणजे राज्यपाल समजतात. इथला गव्हर्नर निवडून येतो, राज्य चालवतो, म्हणजे कामाने मुख्यमंत्रीच.) राज्याचं उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर, म्हणजे ४३.१ कोटी टनांवर आणायचं, असं त्यात ठरलं. ते २०१६ मध्येच साधलं, ४ वर्षं आधी. त्याच वर्षी 'एसबी ३२' आला: २०३० पर्यंत १९९० च्या ४० टक्के खाली. पुढे १० सप्टेंबर २०१८ ला जेरी ब्राउन यांनी आदेश काढला की २०४५ पर्यंत राज्य कार्बनच्या बाबतीत निव्वळ शून्यावर यावं, म्हणजे जेवढा सोडेल तेवढा काढूनही घ्यावा. पण आदेश तो आदेश, पुढचा गव्हर्नर एका सहीने फिरवू शकतो. त्याला कायद्याचं रूप द्यायचा २०२१ मधला प्रयत्न विधिमंडळात पडला. अखेर १६ सप्टेंबर २०२२ ला गॅव्हिन न्यूसम यांनी 'एबी १२७९' वर सही केली.

या कायद्याच्या बातम्यांमध्ये मथळा एकच होता: २०४५ पर्यंत निव्वळ शून्य. मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरं कलम. २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जन १९९० पेक्षा किमान ८५ टक्क्यांनी कमी झालंच पाहिजे. हवेतून काय काढायचं ते काढा, जंगलं लावा, जमिनीत पुरा, त्याचं श्रेय या ८५ मध्ये धरायचं नाही.

'निव्वळ' हा शब्द फार लबाड आहे. आपल्याकडे कंपनीच्या ताळेबंदात निव्वळ नफा लिहिलेला असतो आणि त्या एका आकड्यामागे काय काय दडवलेलं असतं ते हिशोबनिसालाच ठाऊक. नुसतं 'निव्वळ शून्य' म्हटलं असतं तर एखादी रिफायनरी म्हणाली असती, आम्ही धूर सोडत राहतो, कुणीतरी कुठेतरी तेवढा गोळा करेल. ८५ च्या कलमाने ही पळवाट बरीचशी बुजवली. काढण्याच्या तंत्रज्ञानाला कायद्याने एक कोपरा आखून दिलाय, उरलेले १५ टक्के. सिमेंटचा दगडातला वायू, विमानं, गुरांच्या पोटातला मिथेन, असलं काही जे काही केलं तरी पूर्ण जाणार नाही, ते.

तो कोपराही छोटा नाही. ४३.१ कोटींचे १५ टक्के म्हणजे साधारण साडेसहा कोटी टन. ट्रेसीतल्या कारखान्यासारखे ६५,००० कारखाने. ट्रेसीत लाखभर माणसं राहतात. दर तिघांमागे दोन कारखाने पडले.

कायद्याची अंमलबजावणी कशी करायची याचा आराखडा एअर रिसोर्सेस बोर्ड बनवतं, त्याला सगळे 'कार्ब' म्हणतात. जुलै २०२२ मध्ये न्यूसम यांनी बोर्डाला पत्र लिहून मोठे आकडे मागितले: २०३० पर्यंत वर्षाला २ कोटी टन, २०४५ पर्यंत १० कोटी टन. डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात ते आकडे आले, पण फोड करून. २०३० च्या २ कोटींपैकी १ कोटी ३० लाख टन हे चिमणीवर पकडायचे आहेत आणि फक्त ७० लाख टन हवेतून काढायचे आहेत. २०४५ मध्ये प्रमाण उलटं होतं, अडीच कोटी चिमणीवर आणि साडेसात कोटी हवेतून.

ही फोड वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. कारण या दोन गोष्टी भाषणांत सर्रास एकाच पिशवीत कोंबल्या जातात. चिमणीवर पकडणं म्हणजे नवी उधारी न करणं. हवेतून काढणं म्हणजे जुनी उधारी फेडणं. वाण्याच्या वहीत दोन्ही वेगळ्या ओळींत लिहितात. आणि कष्टही वेगळे. आमच्या सिमेंटच्या चिमणीत शंभरातले वीसेक भाग कार्बन डायऑक्साइड असायचा. उघड्या हवेत दहा हजार रेणूंमध्ये जेमतेम चार. पोतंभर तांदळातून चार खडे निवडायचे, आणि तांदूळ सतत वाऱ्याने उडतोय. यंत्रं कितीही सुधारली तरी या निवडण्याला ऊर्जा लागणारच. त्या ऊर्जेला किमान मर्यादा आहे, ती कुठल्याही विधिमंडळाला ठराव करून खाली आणता येत नाही.

मागे एका सार्वजनिक सुनावणीला मी ऑनलाइन बसले होते. प्रत्येकाला २ मिनिटं. मी उधारीचा मुद्दा तयार ठेवला होता, इंग्रजीत दोनदा घोकला होता. माझ्या आधी केर्न काउंटीतल्या एक बाई बोलल्या. त्यांनी आकडा एकही सांगितला नाही. आपल्या घरातून तेल उपसणारे किती पंपजॅक दिसतात ते सांगितलं, नातवाच्या दप्तरात वह्यांबरोबर इन्हेलर असतो ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या, शंभर वर्षं आमच्या जमिनीतून काढलंत, आता आमच्याच जमिनीत परत घालणार, आणि दोन्ही वेळा आम्हांला सांगणार की हे तुमच्या भल्यासाठी. त्यांची २ मिनिटं संपली, आवाज बंद झाला. माझा नंबर आला तेव्हा मी घोकलेलं अर्धंच बोलले.

केर्न काउंटी समजून घेतल्याशिवाय या कायद्यांचं पुढचं काही कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या तेलाचा साधारण ७० टक्के भाग तिथून येतो. तिथे एल्क हिल्स नावाचं जुनं तेलक्षेत्र आहे. १९१२ मध्ये ते नौदलासाठी राखीव ठेवलं होतं. १९२० च्या दशकात ते भाडेपट्ट्याने मिळावं म्हणून एडवर्ड डोहेनी या तेलसम्राटाने इंटिरिअर खात्याचे, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे, मंत्री अल्बर्ट फॉल यांना १ लाख डॉलर रोख पाठवले, मुलाच्या हाती, काळ्या पिशवीतून. फॉल तुरुंगात गेले. पिशवीची गोष्ट इथे गरजेची नाही, पण कुठल्या जमिनीवर विश्वास मागितला जातोय ते लक्षात राहावं म्हणून सांगितली.

त्याच एल्क हिल्समध्ये, सुमारे सहा हजार फूट खाली, रिकाम्या होत आलेल्या तेलाच्या थरात कार्बन डायऑक्साइड कायमचा भरून ठेवायला केंद्राच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस परवाने दिले. राज्यातले या प्रकारचे पहिले. चार विहिरी, २६ वर्षांत ३ कोटी ८० लाख टनांपर्यंत साठवण. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने जागा चांगली आहे, हे मला मान्य आहे. ज्या खडकाने लाखो वर्षं तेल आणि वायू धरून ठेवला तो हेही धरून ठेवेल असं मानायला जागा आहे. माझी शंका खडकाविषयी नाही.

२०२२ च्या त्याच हंगामात झालेले दोन छोटे कायदे मला म्हणूनच आवडतात. एक 'एसबी १३१४'. पकडलेला वायू जमिनीत दाबून त्याच्या जोरावर आणखी तेल वर काढणं या कायद्याने बंद केलं. टेक्साससारख्या ठिकाणी हा धंदा दशकानुदशकं चाललाय, आणि हवामानाचं काम केल्याचं पुण्यही त्यावर घेता येतं. दुसरा 'एसबी ९०५'. कार्बन पकडणं, काढणं आणि साठवणं यांचे नियम बोर्डाने करावेत, देखरेख ठेवावी असं त्यात आहे. आणि एक अट: केंद्र सरकारचे सुरक्षेचे नवे नियम होईपर्यंत राज्यात कार्बन डायऑक्साइडच्या नव्या पाइपलाइनमधून काही वाहायचं नाही.

ही अट कुठून आली, तर मिसिसिपी राज्यातल्या सटार्टियाहून. २२ फेब्रुवारी २०२० ला, पावसाने खचलेल्या टेकडीवर तिथली एक पाइपलाइन फुटली. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खोलगट भागात साचतो. गाड्यांची इंजिनं बंद पडली, कारण त्यांनाही ऑक्सिजन लागतो. ४५ माणसं दवाखान्यात गेली, २०० च्या आसपास लोकांना हलवावं लागलं. आमच्या प्रयोगशाळेत सिलिंडर होते. गळती झाली तर खाली वाकू नका, एवढं आम्हांला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सटार्टियाच्या लोकांना कोण शिकवणार?

केंद्राचा नियम लांबतच गेला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने 'एसबी ६१४' करून स्वतःचे सुरक्षा नियम आणायचं ठरवलं आणि पाइपलाइनवरची ती बंदी उठवायचा रस्ता मोकळा केला. तीन वर्षं गेली. उद्योगवाले म्हणतात, वाया गेली. मी म्हणते, गेली तर गेली.

आता जंगलांचं. कार्बन काढायचा तर झाडं लावा, यंत्रं कशाला, असं मला किमान चार नातेवाइकांनी फोनवर सांगितलंय. झाडं लावावीतच. पण कॅलिफोर्नियाच्या कार्बन बाजारात, जिथे मोठ्या उत्सर्जकांना धूर सोडायचे परवाने विकत घ्यावे लागतात, तिथे जंगल राखण्याच्या बदल्यात विकता येणारी क्रेडिट मिळतात, आणि जंगल जळालं तर भरपाईसाठी थोडी क्रेडिट बाजूला राखून ठेवतात. हा राखीव साठा १०० वर्षं पुरावा अशी कल्पना. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आगीसाठी धरलेल्या वाट्यातला ९५ टक्के भाग दहा वर्षांच्या आतच वणव्यांनी खाऊन टाकलाय. २०२० च्या एका वर्षात या राज्यात ४० लाख एकरांहून जास्त जळालं. तेव्हा दुपारी १२ वाजता आम्ही घरात दिवे लावले होते, बाहेर आकाश हळदीच्या पाण्यासारखं. ज्याला पुन्हा धूर होता येतं अशा कार्बनला 'काढलेला' म्हणताना माझी जीभ अडखळते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा वाटते ती ज्याच्याकडे कुणी कॅमेरा नेत नाही अशा गोष्टीतून. आल्टामाँटची खिंड ओलांडली की लिव्हरमोरची राष्ट्रीय प्रयोगशाळा लागते. तिथल्या लोकांनी जानेवारी २०२० मध्ये एक अहवाल काढला. २०४५ पर्यंत कॅलिफोर्निया वर्षाला साडेबारा कोटी टन कार्बन डायऑक्साइड काढू शकेल, खर्च वर्षाला १,००० कोटी डॉलरच्या आत. त्यात हवेतून ओढणाऱ्या यंत्रांचा वाटा सगळ्यात लहान, दीड कोटीच्या थोडा वर. सगळ्यात मोठा वाटा, आठ कोटींच्या वर, कचऱ्याचा. बदामाच्या फांद्या, टरफलं, जंगलातलं वाळकं लाकूड, शहरातला ओला कचरा. झाडाने हवेतून कार्बन आधीच निवडून ठेवलाय, तांदळातले खडे काढून झालेत. ते लाकूड उघड्यावर न जाळता किंवा न कुजवता त्याचं इंधन करायचं आणि निघालेला वायू पुरायचा.

बदामाची बाग पंचविसेक वर्षांनी उपटून नवी लावतात. आमच्या घरामागच्या रस्त्यावर मी तीन बागा उपटलेल्या पाहिल्यात. पूर्वी ढीग करून काडी लावायचे, आठवडाभर घसा खवखवायचा. सॅन वाकीन खोऱ्यात १ जानेवारी २०२५ पासून शेतातला काडीकचरा असा जाळणं जवळपास पूर्ण थांबवायचं ठरलं. हा हवामानाचा कायदा म्हणून केलेला नाही, दम्याचा म्हणून केलाय. पण आता ते लाकूड कुठेतरी जायला हवं, आणि जो नेईल त्याला पैसे कुणीतरी द्यायला हवेत.

पैसे. इथे सगळं येऊन थांबतं.

हवेतून कार्बन काढायला आज टनामागे शेकडो डॉलर लागतात. हवेतून काढून जमिनीत पुरला तर केंद्र सरकार टनाला १८० डॉलरची करसवलत देतं. बाकीचे पैसे काही बड्या कंपन्या स्वखुशीने देतात. ट्रेसीचा कारखाना अशाच स्वखुशीवर चालतो. पण साडेसात कोटी टन स्वखुशीवर? लग्नातल्या आहेरावर संसार चालवण्यासारखं आहे ते.

इथे 'एबी १२७९' गप्प आहे. किती ते सांगतो, केव्हा ते सांगतो, बिल कुणाच्या नावाने फाडायचं ते सांगत नाही. ती उणीव भरायला सिनेटर जॉश बेकर यांनी २०२३ मध्ये 'एसबी ३०८' आणलं. जे मोठे उत्सर्जक आहेत त्यांनी आपल्या उत्सर्जनाच्या काही टक्के एवढा कार्बन काढून घेतल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. २०३० मध्ये १ टक्का, २०३५ मध्ये ८, २०४० मध्ये ३५, आणि २०४५ मध्ये १००. मला ते वाचून हायसं वाटलं होतं. सुरुवातीला कारखान्याला चिमटाही बसत नाही, पण चढण दिसते, आणि १०० टक्क्यांची पायरी समोर दिसली की शहाणा मालक उत्सर्जनच कमी करायला लागतो, कारण तेच स्वस्त पडतं. सिनेटमधून विधेयक निघालं, असेंब्लीत अडकलं, तिथेच राहिलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्याने आपला कार्बन बाजार २०४५ पर्यंत वाढवला, नाव बदलून 'कॅप अँड इन्व्हेस्ट' केलं. चांगलं झालं. पण बिलाच्या कागदावरचं नाव अजून कोरंच आहे.

दरम्यान एअरलूमने आपले पुढचे दोन मोठे कारखाने जून २०२४ मध्ये जाहीर केले, दोन्ही मिळून ट्रेसीच्या तीनशेपट. कुठे? लुईझियानात. त्या राज्याकडे कॅलिफोर्नियासारखा हवामान कायदा नाही. जमिनीत वायू भरायच्या विहिरींना स्वतः परवाने द्यायचा अधिकार मात्र आहे, तो कॅलिफोर्नियाकडे नाही. कुठल्याही सिमेंटवाल्याला विचारा, भट्टी कुठे बांधायची ते ध्येयधोरणावरून ठरत नाही. दगड, वीज, रस्ता आणि परवाना यांवरून ठरतं.

या विषयावर घरात वाद झाला. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला हे सगळं तेल कंपन्यांना वेळ मिळवून देणारं नाटक वाटतं. "आई, तू सिमेंटवाली आहेस म्हणून तुला भट्ट्या आवडतात." यात तथ्य आहे. मी तिला म्हटलं, समजा उद्या सगळं बंद झालं, तरी आजवर सोडलेला वर तसाच आहे, शेकडो वर्षं राहणार आहे, त्यात तुझ्या आईने सह्या करून सोडलेलाही आहे. तो कोण काढणार? ती म्हणाली, "ज्याने सोडला त्याने." मग मी तिला 'एसबी ३०८' वाचायला दिलं. तिने दोन पानं वाचली आणि विचारलं, "हे पडलं का?" मी हो म्हटलं. "बघ," म्हणाली आणि उठून गेली. तो 'बघ' कुणाच्या बाजूचा होता ते मला अजून कळलेलं नाही.

जानेवारी २०२२ पासून इथे घरोघरी ओला कचरा वेगळा द्यावा लागतो, तोही हवामानाच्याच एका कायद्यामुळे, 'एसबी १३८३'. हिरवा डबा मिळाला, महिन्याच्या बिलात एक ओळ वाढली. सोसायटीत आठवडाभर कुरकुर झाली. आता बुधवारी रात्री सगळे निमूट डबे रस्त्यावर लावतात. केळीच्या सालीचे पैसे मी भरते. रिफायनरीच्या सालीचे कोण भरणार, एवढंच मी सुनावणीत विचारायला गेले होते.

आता ताटाकडे येते. पहिले दोन आठवडे वजन हललंच नाही म्हणा ना, उन्हाळ्यातली कोरडी हवा. चुन्याला थोडा ओलावा लागतो. मग रोज फवाऱ्याने पाणी मारायला लागले. हिवाळ्यात खोऱ्यात दाट धुकं उतरतं, तेव्हा गॅरेजचं दार बोटभर उघडं ठेवते. पाण्याचं वजन धरलं जाऊ नये म्हणून तोलायच्या आधी ताट तासभर ओव्हनमध्ये वाळवते. चुन्याची पूर्ण चुनखडी झाली तर १०० चे १३५ ग्रॅम व्हायला हवेत. परवाच्या रविवारी ११४ भरले. चुना वायू घेताना पाणी सोडतो, म्हणून वाढ १४ चीच दिसते. म्हणजे साधारण २४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड माझ्या ताटाने हवेतून काढला.

मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं. तो हिशोबनीस आहे. त्याने विचारलं, "अगं, पण हा चुना बनवताना भट्टीतून किती सुटला होता?" ५९ ग्रॅम, जळण सोडून. "आणि ओव्हन?" दर वेळी अर्ध्या युनिटच्या वर वीज. इथल्या विजेमागे युनिटला साधारण २०० ग्रॅम धरले तरी एका वाळवणीचे शंभराच्या वर. आजवर अशा कितीतरी वाळवण्या झाल्या.

त्याने पाकिटाच्या पाठीवर बेरीज-वजाबाकी केली, खाली दोन रेघा मारल्या आणि त्यांच्यापुढे लिहिलं, 'निव्वळ'. आकडा लिहायचं काम माझ्यावर सोडलं. पुढच्या रविवारपासून ताट उन्हात वाळवायचं ठरवलंय.